न बोलणाऱ्या लेकराचं दुखणं मोजताना

पाच ओळी, तीन रकाने. एवढ्याशा तक्त्यावर बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं दहापैकी किती, हे मोजता येतं. यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही, लाइट गेली तरी काम अडत नाही. दोन डोळे आणि पाच मिनिटं पुरतात.

या तक्त्याला 'फ्लॅक' म्हणतात. १९९७ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातून तो जगापुढे आला. तयार करणाऱ्यांत पहिलं नाव सँड्रा मर्केल यांचं आहे आणि त्या पेशाने नर्स. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत अशा त्याच्या पाच ओळी. प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज शून्य आली तर बाळ आरामात आहे. सात किंवा त्याहून जास्त आली तर दुखणं तीव्र आहे.

समजा, बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात सहा वर्षांची मुलगी बाजेवर पडून आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, त्यातून सेरेब्रल पाल्सी आली. बोलत नाही, मान धरत नाही. "चार दिस झाले सिस्टर, रातभर कण्हते, काई समजत नाही," माय सांगते. उपकेंद्रातली सिस्टर बाजेशेजारी बसते आणि काही न करता नुसती पाहत राहते. कपाळाला मधूनमधून आठी पडते: एक. पाय पोटाशी ओढलेले आहेत: दोन. अंग ताठ होऊन पाठीची कमान होते: दोन. रडणं सलग नाही, थांबून थांबून कण्हणं आहे: एक. मायनं छातीशी धरलं की थोडी निवते: एक. बेरीज सात.

आता पुढचं सगळं बदलतं. 'रडकी आहे', 'अशा पोरांचं असंच असतं' ही वाक्यं मागे पडतात आणि वहीत एक आकडा येतो. दहापैकी सात दुखतंय, तर कारण शोधावंच लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत ते बरेचदा साधं असतं: कित्येक दिवसांची बद्धकोष्ठता, किडलेली दाढ, अन्ननलिकेत वर येणारं आम्ल, खुब्यातून सरकलेलं हाड. औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा तोच तक्ता भरायचा. सातचे तीन झाले तर उपाय लागू पडला. सातचे सातच राहिले तर डॉक्टरांना फोन लावायला सिस्टरकडे भक्कम कारण आहे.

पुढे २००६ मध्ये या तक्त्याची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात आईसाठी जागा ठेवली गेली. ज्या मुलांची बौद्धिक वाढ कमी झालेली असते, त्यांची दुखण्याची भाषा प्रत्येकाची वेगळी असते. एखादं मूल दुखलं की हसतं, एखादं श्वास रोखतं, एखादं एकदम गप्प होतं. हे कोणत्याही पुस्तकात नसतं, मायला मात्र पक्कं ठाऊक असतं. म्हणून सिस्टर आधी तिला विचारते, "हिला दुखलं की ही काय करते?" आणि तिचं उत्तर त्याच तक्त्यात त्या मुलीपुरतं नोंदवलं जातं. चौथीनंतर शाळा सुटलेल्या आईचं निरीक्षण अशा रीतीने वैद्यकीय मोजमापाचा भाग होतं.

हा तक्ता, त्यामागचं शास्त्र आणि त्यापुढचे उपचार आज मोबाइलच्या पडद्यावर शिकता येतात. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दीर्घ किंवा बऱ्या न होणाऱ्या आजारात मुलाचा त्रास हलका करणाऱ्या काळजीचं, नर्सेससाठी ऑनलाइन प्रशिक्षण उपलब्ध आहे आणि त्यातलं बरंचसं मोफत आहे. पण त्याची नवलाई नीट कळायला थोडं मागे जावं लागतं. कारण बाळाला दुखतं, हेच मुळी वैद्यकशास्त्राला उशिरा पटलं.

'त्यांना कुठे काय कळतं?'

१९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया व्हायच्या, आणि अनेक ठिकाणी त्यांना पूर्ण भूल दिली जात नसे. नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं की पुरे, असा रिवाज होता. बाळ हलत नाही, म्हणजे त्याला काही होत नाही. या रिवाजाला शास्त्राचाही आधार दिला जाई. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं. नवजात बाळात ते पूर्ण झालेलं नसतं. मग संदेश पोचणार तरी कसा?

इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद तेव्हा ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डमध्ये संशोधन करत होते. शस्त्रक्रियेहून परत आलेल्या बाळांची अवस्था त्यांना अस्वस्थ करायची. ती बाळं पांढरीफटक पडलेली असत, नाडी भरकटलेली असे. त्यांनी काही बाळांना नेहमीची भूल दिली, तर काहींना तिच्या जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलं आणि दोन्ही गटांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. फेंटानिल मिळालेल्या बाळांत ती खूपच कमी होती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही कमी होत्या. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला आणि जगभर नवजात बाळांच्या भुलीचा विचार बदलू लागला.

मायलिनच्या युक्तिवादात खोट कुठे होती? आवरण नसलं तर संदेश मंदावतो, थांबत नाही. शिवाय बाळाच्या पायापासून मेंदूपर्यंतचं अंतर असतं तरी किती? आणि मोठ्या माणसांतही ठणकणारी, रेंगाळणारी वेदना वाहून नेणारे तंतू बहुतांशी आवरणाविनाच असतात. उलट मेंदूकडून खाली येऊन वेदनेला लगाम घालणारी यंत्रणा जन्माच्या वेळी पुरती तयार नसते. म्हणजे इतक्या लहान बाळाला आपल्यापेक्षा जास्तच दुखत असण्याची शक्यता आहे. जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षात, टाचेला सुई टोचण्याआधी बाळाला आईचं दूध किंवा साखरपाण्याचे काही थेंब द्यायला आज शिकवलं जातं. या साध्या उपायानेही टोचण्याची वेदना कमी होते, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

खाटेशेजारी जन्मलेलं शास्त्र

पॅलिएटिव्ह केअर या शाखेचा इतिहास चाळला की पानोपानी नर्स भेटतात. आधुनिक हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) चळवळीच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. वेदना नुसती शरीराची नसते. मन, माणसं, पैसा आणि श्रद्धा या सगळ्यांना ती व्यापते, ही मांडणी त्यांचीच. मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे ऑक्सफर्डचं हेलन हाउस. ते १९८२ मध्ये सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका यांनी उभं केलं. त्या ख्रिस्ती नन होत्या आणि लहान मुलांच्या नर्सही. मेंदूतल्या गाठीवरच्या शस्त्रक्रियेनंतर हेलन नावाची चिमुरडी पूर्ण परावलंबी झाली होती. तिच्या आईबापांना अधूनमधून विसावा मिळावा म्हणून सिस्टर तिला काही दिवस स्वतःजवळ ठेवून घेत. त्या विसाव्यातून पुढे संस्था झाली.

दवाखान्यात भिंतीवर दिसणारी सहा चेहऱ्यांची पट्टी तर बहुतेकांनी पाहिलेली असते. पहिला चेहरा हसरा, शेवटचा आसवं गाळणारा. ती ओक्लाहोमातल्या नर्स डोना वाँग आणि मुलांच्या मानसिक आधाराचं काम करणाऱ्या कॉनी बेकर यांनी १९८०च्या दशकात तयार केली. त्यांनी ते चेहरे मनाने रेखाटले नाहीत. कमी दुखतं तेव्हा चेहरा कसा असतो, खूप दुखतं तेव्हा कसा, हे त्यांनी मुलांकडूनच काढून घेतलं. तीन वर्षांचं मूल 'दहापैकी किती' हे सांगू शकत नाही, पण 'हा मी' म्हणून बोट ठेवू शकतं.

मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे आयसीपीसीएन. तिचं नेतृत्व दीर्घकाळ केलेल्या जोन मार्स्टन या दक्षिण आफ्रिकेतल्या नर्स, आणि त्यांच्यानंतर धुरा सांभाळणाऱ्या ज्युलिया डाउनिंगही नर्सच. हा योगायोग नाही. राउंडला डॉक्टर काही मिनिटं येतात. रात्री तीन वाजता मूल कसं झोपलं आहे, आई खोलीबाहेर गेल्यावर ते काय करतं, औषधाचा परिणाम किती तासांनी ओसरतो, हे खाटेशेजारी असणारीला दिसतं. मुलांचं दुखणं ओळखण्याच्या बऱ्याच पद्धती अशा पाहण्यातून आल्या आहेत. म्हणून गावपातळीवरच्या नर्सला हे प्रशिक्षण देणं म्हणजे डॉक्टरांची विद्या पातळ करून खाली सोडणं नव्हे. तिच्याच पेशानं जमवलेलं भांडवल तिच्या हाती परत येत असतं.

कोणत्या मुलांसाठी?

'पॅलिएटिव्ह' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅन्सरचा शेवटचा टप्पा येतो आणि घरातलं वातावरणच बदलतं. मुलांच्या बाबतीत हे चित्र फारच अपुरं आहे. आजाराचं निदान होतं त्या दिवसापासून ही काळजी सुरू व्हावी आणि मूळ उपचार चालू असोत वा नसोत ती मिळत राहावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी १९९७ मध्ये अशा आजारांचे चार गट केले, ते आजही वापरले जातात. पहिला गट बरे होऊ शकणाऱ्या पण दगाही देऊ शकणाऱ्या आजारांचा, उदाहरणार्थ कॅन्सर. दुसरा, ज्यांत उपचारांनी आयुष्य वाढतं पण आजार सुटत नाही अशांचा. तिसरा, ज्यांवर मुळावरचा इलाजच नाही अशा वाढत जाणाऱ्या आजारांचा. चौथा, गंभीर सेरेब्रल पाल्सीसारख्या, न वाढणाऱ्या पण कायम गुंतागुंती मागे लावणाऱ्या अवस्थांचा. जगात अशा काळजीची गरज असलेली मुलं सुमारे २ कोटी १० लाख आहेत, असा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

विदर्भासाठी यात आणखी एक नाव जवळचं आहे: सिकलसेल. मध्य भारतात हा आजार आहे, हे नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मधून दाखवून दिलं. यात तांबड्या पेशी वाकून विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळेनासं होतं आणि हाडांतून असह्य कळा सुरू होतात. बाहेरून ना सूज, ना जखम. त्यामुळे शाळकरी पोर 'नाटक करतंय' असं ऐकून घेतं. दुखणं मोजायला शिकलेली नर्स इथे त्या पोराची साक्षीदार होते.

घाटावर, घाटाखाली

बुलढाण्याची माणसं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या रांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पार सातपुड्याला टेकलेले जळगाव जामोद, संग्रामपूर. मोताळा धरून एकूण तेरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८६ हजार लोकसंख्या. जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही. मुंबईची गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूरला यावं लागतं आणि तिथून पुढे पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. मुलाला कॅन्सर निघाला की घरची माणसं अकोला, संभाजीनगर, नागपूर करत बऱ्याचदा परळच्या टाटा रुग्णालयात पोचतात. तिथले उपचार उत्तम असतात, पण कधीतरी 'आता घरी न्या' असं सांगितलं जातंच. मग ती फाइल, तो औषधांचा डबा आणि ते मूल घाट चढून घरी येतं. त्यानंतर मध्यरात्री मुलाला धाप लागली तर विचारायचं कुणाला? परळचा तज्ज्ञ पाचशे किलोमीटरवर, सिस्टर मात्र तीन किलोमीटरवर.

आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी समाविष्ट आहे. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमलेले आहेत आणि त्यांतल्या कित्येकजणी नर्सिंग शिकलेल्या आहेत. महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण २०१२ मध्येच आणलं. केरळनंतर असं करणारं हे राज्य. तेव्हा कागदावर रस्ता आहे. प्रश्न उरतो तो इतक्या लोकांना शिकवायचं कसं, याचा.

याचं एक उत्तर अमेरिकेच्या वाळवंटी न्यू मेक्सिको राज्यात सापडलं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेले डॉ. संजीव अरोरा तिथे यकृताच्या हेपॅटायटिस सी या आजाराचे तज्ज्ञ होते. त्यांच्या दवाखान्यात नंबर लागायला महिनोन् महिने जात आणि रुग्ण शेकडो मैलांवरून येत. २००३ मध्ये त्यांनी उलटं केलं. रुग्णांना बोलावण्याऐवजी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एकत्र आणलं. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा, सगळ्यांनी मिळून विचार करायचा. याला 'प्रोजेक्ट इको' नाव पडलं. पडद्यावर शिकून एवढा अवघड उपचार जमेल का, अशी शंका होतीच. २०११ मध्ये निकाल छापून आले. विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेला होता, तर दूरच्या केंद्रांत ५८.२ टक्के. खेड्यातला दवाखाना तज्ज्ञांच्या बरोबरीला आला होता.

हाच साचा पुढे मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरलाही लागू झाला. हैदराबादच्या एमएनजे कर्करोग संस्थेतल्या डॉ. गायत्री पालट आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातल्या डॉक्टर-नर्सेससाठी अशी सत्रं चालवली. तिरुवनंतपुरमची 'पॅलियम इंडिया' ही डॉ. एम. आर. राजगोपाल यांची संस्थाही ऑनलाइन प्रशिक्षण देते. आयसीपीसीएनचे अभ्यासक्रम वेगळ्या धाटणीचे आहेत. ते मोफत आहेत आणि आपल्या वेळेने, ड्युटी सांभाळून करता येतात. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरची ओळख, वेदना, संवाद, खेळ, अखेरचे दिवस आणि शोक असे त्यांचे छोटे छोटे भाग आहेत.

महाराष्ट्राचं या संघटनेशी जुनं नातं आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. मेरी ॲन मुकादन यांच्या पुढाकाराने मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प राज्यात सुरू झाला. ब्रिटिश सरकारच्या मदतीने आणि भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटना व आयसीपीसीएन यांच्या साथीने चाललेल्या या प्रकल्पात मुंबईचं शीव रुग्णालय होतं, तसंच आदिवासी भागातलं जव्हारचं कुटीर रुग्णालयही. डोंगरातल्या पाड्यांपर्यंत ही काळजी नेता येते, हे जव्हारने दाखवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयसीपीसीएनची परिषद मुंबईत टाटा रुग्णालयात भरली आणि तिथून 'मुंबई जाहीरनामा' निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने पॅलिएटिव्ह केअर हा आरोग्यसेवेचा अविभाज्य भाग असावा, असा ठराव केला.

सत्रात काय चालतं?

इको पद्धतीचं सत्र तास-दीड तासाचं असतं. सुरुवातीला एखादी नर्स आपली केस मांडते. नाव-गाव सांगायचं नाही, हा पहिला नियम. वय, वजन, आजार, घरात कोण आहे, चालू औषधं आणि तिला पडलेला नेमका प्रश्न. वजन सांगावंच लागतं, कारण मुलांचा प्रत्येक डोस किलोवर ठरतो. मग इतर प्रश्न विचारतात: शेवटची शी कधी झाली? रात्री औषध कोण पाजतं? मोठ्या भावाला काय सांगितलं आहे? तज्ज्ञ शेवटी बोलतात आणि त्यानंतर वीसेक मिनिटांचा पाठ होतो. पाठातलं काही विसरलं जाईल, पण आपल्या रुग्णाबद्दल विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर विसरत नाही. शिकणं टिकतं ते यामुळे.

वेदनेच्या पाठात एक औषध यादीतून वगळलेलं दिसतं आणि त्यामागची गोष्ट चकित करणारी आहे. पूर्वी मध्यम वेदनेला कोडीन दिलं जाई. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं एक विकर त्याचं मॉर्फिन करतं, तेव्हा ते काम करतं. हे विकर कुणात किती कामसू असेल, ते जन्मतःच ठरलेलं असतं. काही मुलांत ते जवळपास निष्क्रिय असतं, म्हणून औषध पोटात जाऊनही वेदना तशीच. काहींत ते इतकं तेज असतं की नेहमीच्या डोसातूनही भलतंच जास्त मॉर्फिन तयार होतं आणि श्वास मंदावू शकतो. बाटली एक, मात्रा एक, पण कुणाची तहान भागेना आणि कुणाला पूर. म्हणून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी तीन पायऱ्यांची शिडी मोडून दोनच ठेवल्या: सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्यापुढे थेट मॉर्फिन, कमी मात्रेपासून. सोबत तीन सूत्रं: घड्याळाप्रमाणे द्या, शक्यतो तोंडाने द्या, त्या मुलाप्रमाणे द्या. दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही, आधीचा परिणाम संपण्याआधी पुढचा डोस द्यायचा. आणि मॉर्फिन सुरू झालं की पोट साफ ठेवणारं औषधही त्याच दिवशी सुरू करायचं.

संवादाचा पाठ याहून अवघड. घरोघरी एकच वाक्य कानावर पडतं, "त्याले काई सांगू नका." १९७८ मध्ये मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांसोबत वॉर्डात काळ घालवून पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की अगदी तीन ते नऊ वर्षांची मुलंही आपण मरणार हे ओळखून असतात. औषधं बदलली, कुजबुज वाढली, शेजारच्या खाटेवरचा मित्र परत आला नाही, यावरून ती जुळवाजुळव करतात आणि आईबापांना वाईट वाटू नये म्हणून माहीत नसल्याचं दाखवतात. आई मुलाला जपते, मूल आईला जपतं आणि दोघं एकटी पडतात. २००४ चा एक स्वीडिश अभ्यास याच्या पुढे जातो. कॅन्सरने मूल गमावलेल्या ४२९ पालकांना विचारलं, मुलाशी मृत्यूबद्दल बोललात का? १४७ बोलले होते आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी २७ टक्के पालकांना वाटत होतं, बोलायला हवं होतं.

स्वीडनचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. एकत्र घर, आजी, गावकी, देवावरचा भार या सगळ्यांतून आपलं बोलणं वाट काढतं. नर्सला शिकवलं जातं ते एवढंच की माहिती लादायची नाही आणि दारही लावायचं नाही. मुलानं विचारलं, "मी शाळेत कधी जाईन?" तर "लवकरच" म्हणून मोकळं व्हायचं नाही. "तुला काय वाटतं?" असं विचारून थांबायचं. खेळाचा पाठ इथेच उपयोगी पडतो. बाहुलीला सुई टोचणारं मूल किंवा चित्रात घरापासून दूर स्वतःला काढणारं मूल बरंच काही सांगत असतं.

पडदा कुठे थांबतो

पडद्यावरून सगळं शिकता येत नाही. सुकलेल्या हातात त्वचेखाली बारीक सुई बसवणं, गिळता न येणाऱ्याला ठसका न लागू देता भरवणं, रडणाऱ्या बापाशेजारी काही न बोलता बसणं, हे कुणाच्या तरी सोबत प्रत्यक्ष करूनच अंगी येतं. म्हणून चांगले अभ्यासक्रम ऑनलाइन पाठांना प्रत्यक्ष कामाची जोड देतात आणि नंतर फोनवर सल्ला देणारं माणूस ठेवतात.

दुसरी अडचण औषधाची. कायदेशीर अफूचा चीक तयार करून निर्यात करणारा देश भारत. ती शेती शेजारच्या मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरमध्येही होते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातल्या कडक अटींमुळे पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर तब्बल ९७ टक्क्यांनी घसरला. दुकानदार ठेवीनात, डॉक्टर लिहीनात आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरताच शिकून बाहेर पडल्या. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची परवानगी पुरते. पण ती मागणारं कुणीतरी लागतं, साठा-नोंदवही ठेवणारं आणि डोस मोजून देणारं प्रशिक्षित माणूस लागतं. दुखणं दहापैकी सात आहे हे कळूनही कपाटात फक्त पॅरासिटामॉल असेल, तर त्या मोजमापाने नर्सचीच घालमेल वाढते.

बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. शिकवणारी संस्था आता घाटाच्या वरच आहे, तेव्हा जुळवाजुळव अवघड राहू नये. जिल्ह्यात एका ठिकाणी मॉर्फिनची परवानगी, प्रत्येक वॉर्डात टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वास) तक्त्यात तापाशेजारी वेदनेचा एक रकाना आणि दर आठवड्याला नर्सेससाठी ऑनलाइन सत्राचा एक तास. यातलं तिसरं सर्वांत स्वस्त आहे आणि तेच सर्वांत आधी बुडतं. रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरनं आपल्या डेटा पॅकवर, स्वयंपाक करता करता शिकावं, असं गृहीत धरलं जातं. तो तास ड्युटीच्या तक्त्यात लिहिला गेला, त्या वेळेत वॉर्ड सांभाळायला दुसरी सिस्टर दिली गेली, तरच ते प्रशिक्षण संग्रामपूरच्या बाजेपर्यंत पोचेल. आपलं मूल दवाखान्यात असेल तेव्हा आपणही ताप किती आहे हे विचारतो, तसं दुखणं किती आहे तेही विचारावं. विचारणारे वाढले की मोजणाऱ्यांना वेळ द्यावाच लागतो.